चारदा उघडलेलं दार

देवीनं सरूअक्काला दुसऱ्यांदा नाकारलं, हे मला फोनवर कळलं. लोणावळ्यातल्या माझ्या घरी मी दुपारचा चहा गाळत होते. फोन कोमलचा होता. कोमल माझी भाचेसून, माझ्या गेलेल्या भावाची सून. ती, माझा भाचा आणि माझी थोरली बहीण सरू गावी एकाच घरात राहतात.

“आत्या, काल सांजच्याला श्रीपतीभाऊंनी कौल लावला,” कोमल म्हणाली. “डावा पडला म्हणत्यात. मोठ्या आत्यांची ओटी घ्यायची न्हाई.”

“अक्काला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच मला सांगितलं. तांदूळ निवडत व्हत्या. म्हनल्या, नंदीला कळव, साडी आणू नको म्हनावं.”

साडी मी आणून ठेवली होती. जांभळी, मोरपंखी काठांची. तरुणपणी अक्काला जांभळा रंग आवडायचा. आता काय आवडतं ते विचारायची सवयच घरात कुणाला राहिली नव्हती.

आमचं गाव तिकोणा पेठेच्या पुढं, पवनेच्या काठाला. तिथल्या जाखमातेचं देऊळ नव्यानं बांधलं. कळस चढवायचा दिवस ठरला. आमच्याकडे कळस चढतो तेव्हा गावच्या सगळ्या लेकींना माहेरी बोलावतात. नव्वदीची असो की नव्यानं सासरी गेलेली असो, प्रत्येकीनं गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हातानं देवीची ओटी भरायची. मलाही बोलावणं आलं होतं. अक्काला आलं नव्हतं. मी देवस्थानच्या लोकांना फोन केला, तर अध्यक्ष असलेला श्रीपती मला हसत म्हणाला, “आगं, जी कंदी गेलीच न्हाई ती माहेराला आली कशी म्हनायची? तरी तुजा मान ठिवतो. देवीला इचारतो.”

आणि त्यानं विचारलं म्हणे.

श्रीपती कोण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. पवनेच्या धरणाचं काम चालू होतं आणि पल्याडच्या वाडीचा श्रीपती त्या कामावर हजेरी घ्यायचा. मनगटाला घड्याळ, केसांना तेल. अक्काची आणि त्याची सुपारी फुटली होती. अक्का तेव्हा गाणं म्हणत भात कांडायची. आंबेमोहोराचा वास तिच्या पदराला असायचा. झोपताना मी तो पदर तोंडावर घेऊन झोपायची. मग धरणावरच्या एका ठेकेदारानं श्रीपतीला घरी जेवायला बोलावलं. त्या ठेकेदाराला मुलगी होती. त्यानंतर आठवडाभरात श्रीपतीनं जाखमातेला कौल लावला, की ही मुलगी आमच्या घराला मानवंल का. कौल डावा पडला असं तो सांगत आला.

सुपारी मोडली एवढंच झालं असतं तर वडिलांनी दुसरं स्थळ बघितलं असतं. पण माणसानं नाकारलेल्या मुलीला स्थळ मिळतं, देवीनं नाकारलेलीला मिळत नाही. आमचे वडील श्रीपतीच्या घरी जायचे, एवढंच सांगायला की तुम्ही चार माणसांत बोला, दोष मुलीचा नाही म्हणा. मी त्यांचं बोट धरून जायची. ओट्यावर उभं करून ठेवायचे आम्हाला. आतून श्रीपतीचा आवाज यायचा, “उद्या या.” उद्या गेलो की पुन्हा, “उद्या या.” भाताच्या खाचरांतून ती वाट आम्ही इतक्यांदा तुडवली की बांधावरची कुत्रीसुद्धा आमच्यावर भुंकेनाशी झाली. एक दिवस वडील अर्ध्या वाटेतून परत फिरले आणि नंतर गेले नाहीत.

अक्काचं लग्न झालं नाही. भाताच्या आवणीच्या पहिल्या दिवशी तिच्या हातात रोप देत नसत. कुणाच्या बाळाला तिनं उचललं तर आई काहीतरी निमित्त काढून बाळ मागून घ्यायची. ती जाखमातेची पायरी कधी चढली नाही. पालखी दारावरून गेली की घरात जाऊन चूल फुंकत बसायची. मी शिकले, लोणावळ्याच्या शाळेत लागले, संसार केला, विधवा झाले, निवृत्त झाले. या सगळ्या काळात श्रीपतीला विसरावं असं मला एकदाही वाटलं नाही. काही लोक मोठ्या मनानं माफ करतात. माझं मन तेवढं मोठं नाही, आणि मला ते मोठं करायचंही नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता. आतल्या खोलीतून सृष्टी बाहेर आली. सृष्टी ही कोमलची मुलगी. हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझ्याकडे राहते आणि आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करते.

“आत्याआजी, श्रीपतीआजोबांचा परत फोन आला होता,” ती वैतागून म्हणाली. “म्हणाले, पोरी, तुजं मशीन आंधळं हाय. गुरव रोज चोऱ्या करतोय आन् ते गप बसतंय.”

जुन्या देवळातून घंटा आणि देवीचे चांदीचे डोळे चोरीला गेले होते. म्हणून नव्या गाभाऱ्याला कार्डाचं कुलूप बसवलं. ते सगळं सृष्टीनंच जमवून दिलं. कार्ड टेकवलं की टुंग वाजतं आणि दार उघडतं. ओढून घेतलं की आपोआप बंद होतं. कार्डं चौघांकडे. अध्यक्ष म्हणून श्रीपतीकडे, सचिव म्हणून तळेगावच्या दिगंबररावांकडे, पूजा करणाऱ्या सीताराम गुरवाकडे आणि एक सृष्टीकडे. कोणतं कार्ड कधी लागलं त्याची नोंद आपोआप होते. तिला ती लॉग म्हणते.

त्यात भर म्हणून श्रीपतीनंच तिला एक काम सांगितलं होतं. कुणाचंही कार्ड तासाभरात तीनदा किंवा जास्त वेळा लागलं, की त्याच्या फोनवर इशारा आला पाहिजे. “देवळात माणूस येवढ्यांदा कशाला जातं?” असं त्याचं म्हणणं. त्याचा डोळा सीतारामवर होता. ओटीतले खण आणि नारळ गुरव मागच्या मागं घरी नेतो, असं तो जत्रेपासून बोलत होता. खरं कारण असं की सीताराम त्याच्या पाया पडत नसे.

“मग आंधळं आहे का तुझं मशीन?” मी विचारलं.

“मशीन नाही. मी आंधळी.” ती माझ्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसली. “आत्ताच सापडलं. कुलूप बसवलं त्या दिवशी मी स्वतः लागोपाठ तीनदा उघडून बघितलं होतं. म्हणजे माझं नाव तरी पकडलं जायला हवं ना? नाही पकडलं. का, तर मी तासांची खोकी केली होती. सात ते आठ एक खोकं, आठ ते नऊ दुसरं. प्रत्येक खोक्यात किती वेळा दार उघडलं ते मोजायचं. आता समज, कुणी आठच्या थोडं आधी दोनदा उघडलं आणि आठ वाजून गेल्यावर लगेच दोनदा. प्रत्यक्षात ते सगळं तासाच्या आतच झालं. पण माझ्या कोडला दोन्ही खोक्यांत दोन-दोनच दिसणार. तीन कुठंच नाहीत. म्हणजे सुटला.”

“आणि आता?”

“आता खोकी मोडली. एका कार्डाच्या सगळ्या वेळा ओळीनं लावायच्या. पहिली आणि तिसरी यांच्यात तासापेक्षा जास्त अंतर नसेल तर पकड. मग दुसरी आणि चौथी बघ. असं एकेक घर सरकत जायचं. तास घड्याळाच्या ठोक्याला सुरू होत नाही, माणसानं दार उघडलं की सुरू होतो.” तिनं एक कळ दाबली. “आता बघू, गुरवबाबा सापडतात का.”

पडद्यावर थोड्याच ओळी आल्या, एकेका कार्डाच्या एकत्र. ती वाचत गेली. “सीतारामबाबा, नवरात्रात. हे तर होणारच, माळा बांधायच्या असतात. मग मी, कुलूप बसवलं त्या दिवशी. आणि हे...” ती हसली. “अय्या, श्रीपतीआजोबा स्वतःच! आठच्या जरा आधी दोनदा, जरा नंतर दोनदा. बरोबर माझ्या फटीतून गेले बघ.”

“कधी?”

“काल संध्याकाळी.”

मी कप खाली ठेवला.

“काहीतरी विसरले असतील गं,” सृष्टी म्हणाली. “म्हातारं माणूस. चष्मा वगैरे.”

तिला ठाऊक नव्हतं. हल्लीच्या मुली कौलाला जात नाहीत. मग मी तिला सांगितलं, की कौल कसा लावतात. देवीच्या तांदळ्याला, म्हणजे त्या शेंदूर लावलेल्या दगडाला, दोन खांद्यांवर फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. गुरव चिकटवतो. ज्याला कौल हवा त्यानं प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्या जाखमातेचे दोन नियम कडक आहेत. कौल मागणाऱ्यानं गाभाऱ्याचं दार स्वतः उघडायचं आणि कौल झाला की लगेच लावून घ्यायचं. नवा कौल हवा तर नव्यानं दार उघडायचं. आणि एका प्रश्नाला कौल एकच. दुसऱ्यांदा विचारलंत तरी धरायचा तो पहिलाच.

सृष्टी माझ्याकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. मग परत माझ्याकडे.

“म्हणजे त्यांनी... हवं ते येईपर्यंत...”

“ज्याला हवं ते मिळालं तो पुन्हा दार उघडत नाही,” मी म्हणाले. “त्याला डावा हवा होता. तो त्याला चौथ्यांदा मिळाला.”

कारण उघड होतं. देवीनं आज अक्काला जवळ केलं, तर तेव्हाचा कौल लोकांच्या डोळ्यांपुढं आला असता, आणि लोकांनी विचारलं असतं की मग तेव्हा काय झालं होतं. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणतात. त्याला दुसरं सोज्वळ नाव मी देणार नाही. मी उठले, सृष्टीला शिरा करून घातला, बेदाणे जरा जास्तच घातले.

खाताखाता ती म्हणाली, “आत्याआजी, पण मी हे असं बाहेर फोडू शकत नाही. लॉग देवळाचा आहे. आपल्या घरचा नाही.”

“मग देवळातच फोड. दुरुस्ती केलीस ती मंडळींना दाखवायची असेलच ना? श्रीपतीलाच विचार, कुठं दाखवू.”

तिनं फोन लावला. श्रीपतीचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. “सापडला का गुरव? शाब्बास! समद्यांम्होरं लाव. कळसाच्या आदल्या दिशी समदं गाव आसतंय. मोठ्या टीव्हीवर लाव.”

सृष्टी मुलगी सरळ आहे. ती म्हणाली, “आजोबा, यादीत बाकीची पण नावं आहेत. आधी तुम्ही एकदा बघता का?”

“मला काय बघायचंय त्यात? माजं मन साफ हाय. लाव म्हन्तो ना!”

मला भीती वाटत होती की तिच्या सरळपणानं सगळं हातचं जाईल. श्रीपतीनं ते जाऊ दिलं नाही.

कळसाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी गावी गेलो. अक्का अंगणात सूप घेऊन बसली होती. मी साडीची पिशवी तिच्यापुढं ठेवली.

“आणू नको म्हनलं व्हतं,” ती म्हणाली.

“चल देवळात.”

“न्हाई गं. तुमी जावा. हितनं ऐकू येतंय मला समदं.”

खरंच येत होतं. देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आयुष्यभर ती जाखमातेची आरती अंगणातूनच ऐकत आली होती.

सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. लाल कापडात गुंडाळलेला कळस भाताच्या राशीवर ठेवला होता. माहेरवाशिणी झेंडूच्या माळा करत बसल्या होत्या. किती वर्षांनी दिसलेले चेहरे. एकमेकींच्या गालांवरून हात फिरत होते. आरती दाखवायचा मोठा टीव्ही खांबाला टांगला होता. श्रीपती त्याच्याखाली खुर्चीवर बसला होता. कडक इस्त्रीची टोपी, गुडघ्यांमध्ये काठी. ऐंशीचा झाला, पण पाठ अजून ताठ.

“या मास्तरीनबाई,” तो मला म्हणाला. “एकल्याच? बरं केलंत.”

मी हसले. मला खरोखरच हसू आलं.

“लाव पोरी,” तो सृष्टीला म्हणाला आणि खांबाला टेकून उभ्या असलेल्या सीतारामकडे वळला. “आज तुजं पितळ उघडं पडतंय रं गुरवा.”

सीताराम हा साठीचा शांत माणूस, मान खाली.

सृष्टीनं दोन वाक्यांत नियम सांगितला, की कुठल्याही तासाभरात तीनदा किंवा जास्त वेळा कार्ड लागलं तर नाव येतं, आणि नाव आलं म्हणजे चोर असं नव्हे. मग यादी टीव्हीवर आली. पहिलंच नाव सीतारामचं.

“बघा!” श्रीपतीनं काठी आपटली.

सीतारामनं मान वर केली. “भाऊ, ते नवरात्रातलं हाय. माळ बांधायची, नंदादीपात तेल घालायचं, निवद दावायचा. मी न्हाई जायचं तर काय तुमी जाणार व्हय?”

बायका हसल्या. दुसरं नाव सृष्टीचं होतं, ते तिनं स्वतःच समजावून सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, “दिगंबरराव, तुमचं तर नावच न्हाई. कार्ड गंजलं का काय?” दिगंबरराव कसनुसे हसले.

“शेवटचं नाव वाच, सृष्टी,” मी म्हणाले. “चष्मा आणला नाही मी.”

चष्मा माझ्या नाकावरच होता. सृष्टीनं वाचलं. “श्रीपतीआजोबा. चार वेळा. कौल लावला त्या संध्याकाळी.”

मंडपात माळा करणारे हात थांबले. तरुणांना काही कळलं नाही. म्हाताऱ्यांना लगेच कळलं. मी ते त्यांच्या चेहऱ्यांवर बघत होते.

“बॅटरी इसरलो व्हतो आत,” श्रीपती म्हणाला.

“एकदा बॅटरी,” मी म्हणाले. “मग?”

“चष्मा.”

“बॅटरी, चष्मा. अजून एकदा उघडलंत, भाऊ. त्या खेपेला काय राहिलं होतं?”

“कवळी!” मागून एक म्हातारी माहेरवाशीण म्हणाली, आणि सगळा मंडप हसला. श्रीपतीला गावात कुणी हसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. फार गोड आवाज होता तो.

“तू कोन मला इचारनारी?” तो उभा राहिला. “लोनावळ्याला जाऊन बसलीस आन् हितं येऊन... सांग रं सीताराम! तूच पाकळ्या लावल्यास. कौल एकदाच लावला का न्हाई?”

ज्याला आत्ताच चोर म्हणाला, त्यालाच त्यानं साक्षीला उभं केलं. हुकूम सोडायची सवय झालेल्या माणसालाच असं सुचतं.

सीतारामनं उपरण्यानं तोंड पुसलं. “पैला उजवा पडला,” तो म्हणाला. “लगीच पडला. दुसरा बी उजवाच. तिसऱ्यांदी दोन्ही पाकळ्या चिकटून ऱ्हायल्या. लय येळ थांबलो, पडंनातच. मंग चौथ्या येळंला भाऊ म्हनले, डाव्या अंगाला पानी कमी लाव.”

“आन् तू लावलंस?” कुणीतरी विचारलं.

“लावलं. पोटाला भ्यालो. पर आज चोर बी म्हनले, मंग आता कशाला भ्यायचं?”

दिगंबरराव उठले. फार बोलणारे गृहस्थ नाहीत ते. “पहिला कौल तोच खरा,” ते म्हणाले. “सरूबाईंची ओटी देवीनं मागितली आहे. विषय संपला.”

माझा संपला नव्हता. मी श्रीपतीसमोर जाऊन उभी राहिले. लहानपणी त्याच्या ओट्यावर उभी राहायची, तेव्हा माझं डोकं त्याच्या कमरेला लागायचं. आता आमचे डोळे एका उंचीवर होते.

“आणि धरणाच्या वेळचा कौल, भाऊ? त्या दाराला कार्ड नव्हतं.”

त्यानं तोंड उघडलं. “तो एकदाच लावला व्हता,” तो म्हणाला. “देवीशपथ. एकदाच.”

म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. कदाचित तो खरं बोलत असेल. त्या वेळचा गुरव मेला, पाकळ्या वाऱ्यावर गेल्या, सांगणार कोण? पण आता त्याच्यावर विश्वास ठेवणारं त्या मंडपात एकही माणूस नव्हतं, त्याचा स्वतःचा मुलगासुद्धा जमिनीकडे बघत होता. मला एवढंच हवं होतं. त्यानं अक्काचं आयुष्य एका शब्दावर उभं केलं होतं; मी त्याचा शब्द काढून घेतला.

तेवढ्यात बायकांमध्ये कुजबुज झाली आणि वाट मोकळी झाली. पायऱ्यांच्या खाली अक्का उभी होती. कोमलनं तिचा दंड धरला होता. अंगावर घरातलंच लुगडं, हातांना तांदळाचा कोंडा. अंगणातून तिला सगळं ऐकू आलं होतं.

“मोठ्या आत्या, हळू,” कोमल म्हणाली.

अक्कानं तिचा हात सोडवला आणि ती पायरी चढली. मग दुसरी. कुणाच्याही मदतीशिवाय वर आली आणि थेट श्रीपतीसमोर थांबली. दोघं किती वर्षांनी इतक्या जवळ उभी होती कोण जाणे.

“ते कार्ड दे,” ती म्हणाली.

“काय?”

“दाराचं. मला बी कौल लावायचाय. मागणाऱ्यानंच दार उघडायचं आसतं ना?”

कुणीतरी चाचरत म्हणालं, “आक्का, बाईमानसानं कौल...”

“पैला उजवा पडला ना माजा? मंग देवी ऐकती माजं.” तिनं हात पुढंच ठेवला होता. “ह्या मानसानं उद्या कळसाला हात लावायचा का न्हाई, ते इचारते. एकदाच इचारते.”

श्रीपतीनं दिगंबररावांकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. त्या कळसासाठी त्यानं चार वर्षं धावपळ केली होती. त्याच्या हातानं तो चढणार हे पत्रिकेत छापलं होतं. कुणी मध्ये पडलं नाही. त्यानं सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं आणि तिच्या कोंड्यानं माखलेल्या हातावर ठेवलं.

सृष्टीनं कार्ड कसं टेकवायचं ते दाखवलं. टुंग वाजलं. अक्का आत गेली, मागोमाग फूल घेऊन सीताराम गेला, आणि दार लागलं.

आम्ही सगळे त्या बंद दाराकडे बघत बसलो. मी मनातल्या मनात डाव्या पाकळीला खाली ओढत होते. श्रीपती खुर्चीवर बसला नाही, काठीवर रेलून उभा राहिला. आतून काही आवाज नाही.

दार उघडलं. अक्काच्या कपाळावर शेंदूर होता. तिनं दार ओढून घेतलं, कुलूप लागल्याचं हलवून बघितलं आणि कार्ड कमरेला खोचलं.

“काय पडलं?” श्रीपतीनं विचारलं.

“सांगंन.”

“आगं सांगंन काय? उद्या सकाळी कळस हाय!”

अक्का पायऱ्यांकडे निघाली होती. ती थांबली, पण मागं वळली नाही.

“मंग उद्या ये,” ती म्हणाली.

मला वाटत होतं, ते शब्द आता फक्त मलाच आठवतात. वडील गेले, भाऊ गेला. ती तर आमच्याबरोबर त्या ओट्यावर कधी आलीही नव्हती. पण आम्ही परत यायचो तेव्हा दारात उभी असायची. वडील एवढेच दोन शब्द बोलून घोंगडीवर आडवे व्हायचे.

मी सीतारामला गाठलं. “काय पडलं रे?”

“मागणाऱ्यानं सांगायचं आसतं, मावशी,” तो म्हणाला आणि समया पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच श्रीपती आमच्या ओट्याशी आला. नवं धोतर, नवा फेटा. अक्का जांभळी साडी नेसून कोमलकडून निऱ्या नीट करून घेत होती.

“सरू, सांग आता. लोक खोळंबल्यात.”

“आत्ता गडबड हाय रं,” ती म्हणाली. “उद्या ये.”

कौल झालेला आहे आणि तो काय ते ठाऊक नाही, अशा स्थितीत देवीच्या कामाला हात लावायची आमच्या गावात कुणाची छाती होत नाही. श्रीपतीचीही झाली नाही. कळस दिगंबररावांच्या आणि सीतारामच्या हातानं चढला. खाली मांडवाच्या टोकाला श्रीपती फेटा बांधून उभा होता आणि वर बघत होता. अक्कानं ओटी भरली. पहिली तिनंच भरली. गाभाऱ्यातून बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्या पदराला अजून तांदळाचा वास होता, नव्या साडीलासुद्धा.

त्याला आता बरेच महिने झाले. कार्ड तिनं दिगंबररावांना परत दिलं, कौल कुणालाच दिला नाही. मी अधूनमधून गावी जाते तेव्हा बघते. श्रीपती येतो. कधी सकाळी येतो, कधी दुपारी. एखाद्या दिवशी भात काढायला जाता-जाता येतो आणि परत फिरताना पुन्हा येतो. आता त्याला कळस चढवायचा नाही. त्याला फक्त कळायला हवं आहे, की देवीनं त्याला ठेवलं की टाकलं.

परवा सृष्टी माझ्याबरोबर होती. खिडकीतून त्याला जाताना बघून म्हणाली, “आत्याआजी, हे आजोबा माझ्या नियमात बसतात बघ. तासात तीनदा नक्की होणार.”

मी अक्काजवळ जाऊन बसले. “आता मला तरी सांग,” मी म्हणाले. “खरंच काय पडलं गं?”

तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

“तुला बी उद्या सांगते,” ती म्हणाली.

ओट्यावर पुन्हा काठी वाजली. अक्कानं सुपातून मान वर केली नाही.